उपऱ्यांचा निवाडा

मुंबईच्या कामाठीपुऱ्याचे नाव चारचौघांत घ्यायला आपण कचरतो. पण त्या नावाचे नाते आपल्या तेलंगणाशी आहे. निजामाच्या मुलखातून मुंबईला गेलेले तेलुगू मजूर आणि गवंडी तिथे राहिले, लोक त्यांना कामाठी म्हणत, म्हणून वस्तीला कामाठीपुरा हे नाव पडले. अठराव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या बेटांमधली खाडी बुजवून कोरडी जमीन निघू लागली, तेव्हापासून ही मंडळी तिकडे जात होती. म्हणजे आपले पूर्वज दफ्तर, देशमुखी, वकिली, मास्तरकी अशा निमित्ताने पश्चिमेकडून इकडे येत होते, आणि इकडची माणसे पहार-फावडे खांद्यावर टाकून त्याच वाटेने उलट जात होती.

येणाऱ्यांबद्दल आपण पुष्कळ लिहिले आणि ऐकले आहे. राय रायां घराण्याची दफ्तरदारी, केशवराव कोरटकर, वामनराव नाईक, विवेक वर्धिनी, मराठी ग्रंथसंग्रहालय हे सगळे आपल्या घराघरांत माहीत असते. जाणाऱ्यांबद्दल मात्र आपल्याकडे फारसे कुणी बोलत नाही. यंदा स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असा कार्यवाहांचा निरोप आला, तेव्हा त्यांच्याविषयीच लिहावे असे ठरवले.

मी राज्य शासनाच्या पाटबंधारे खात्यात नोकरीला आहे. सिव्हिलचा डिप्लोमा करून लागलो. इतिहास हा माझा अभ्यासाचा विषय नव्हे, पण मजूर, मेस्त्री, मोजमाप आणि थकलेले बिल हा रोजचा विषय आहे. त्यामुळे जुने काही वाचतानाही माझी नजर तिकडेच जाते. परमुलखातून आलेल्या मजुराची मजुरी बुडाली, तर तो दाद मागायला कुठे जात होता? त्याची भाषा गावाला येत नाही, गावची त्याला येत नाही, नातेवाईक शंभर कोसांवर. अशा माणसाचे कोण ऐकत होते?

जुन्या काळी दाद मागण्याची सोय नव्हती असे मुळीच नाही. भिंतीचा, बांधाचा, सांडपाण्याच्या मोरीचा कज्जा झाला की गोत बसे. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार यांच्यासमोर दोन्ही पक्ष आपापली तकरीर लिहून देत, साक्षी होत आणि शेवटी निवाड्याचा महजर लिहिला जाई. महजराखाली पाटलाचा नांगर, लोहाराचा सांडस, परटाची मोगरी अशा निशाण्या असत. लिहिता न येणाऱ्या माणसालाही त्या कागदावर जागा होती, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. पेशवाई गेल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. त्यात पंचायतीचे दोष त्याने दाखवले, दिरंगाईवर बोट ठेवले, तरी ही पद्धत मोडू नये असाच त्याचा कल होता.

पण गोताचा निवाडा गोतातल्या माणसांसाठी होता. पिढ्यान्‌पिढ्या वतन असलेला तो मिरासदार, बाहेरून येऊन जमीन कसणारा तो उपरी. उपऱ्याला गावच्या कारभारात मिरासदाराचा मान नसे. तरी उपरी निदान गावात राहत होता. वडार त्याच्याही पलीकडचे. माती वडार, गाडी वडार, दगड फोडणारे वडार, गाढवे आणि गाड्या घेऊन, बायकापोरांसकट एका तळ्यावरून दुसऱ्या विहिरीवर हिंडत. घरात तेलुगू बोलत. आपल्याकडे त्यांनाच वड्डेर म्हणतात. त्यांच्या जातपंचायती होत्या आणि चांगल्या कडक होत्या, पण त्या आपसातल्या भांडणापुरत्या. एखाद्या पाटलाने विहिरीच्या खोदाईचे पैसे दिले नाहीत, तर त्या गावच्या महजरावर वडाराच्या पहारीची निशाणी नव्हती. त्याच्या हातात एकच उपाय होता. काम अर्धे टाकायचे, बिऱ्हाड गाढवावर घालायचे आणि पुढचे गाव गाठायचे. त्या वाईट पाटलाची कीर्ती वडारांच्या पालांमध्ये पसरे आणि पुढे त्याची विहीर खोदायला कुणी येत नसे. हा उपाय कमी प्रतीचा नव्हता. शेकडो वर्षे तो चालला.

बोरघाटात तो चालेनासा झाला.

मुंबई ते ठाणे ही पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली, हे शाळेतल्या मुलालाही पाठ असते. त्यानंतरची दहा वर्षे मात्र आपण वाचत नाही, आणि खरे काम त्या दहा वर्षांत झाले. मे १८५६ मध्ये गाडी घाटाच्या पायथ्याशी खोपोलीपर्यंत आली. जून १८५८ मध्ये वरच्या अंगाला खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. मधला घाट उरला. उतारूंनी खोपोलीला उतरायचे, पालखीत, तट्टावर किंवा गाडीत बसून डोंगर चढायचा आणि वर दुसरी गाडी धरायची. हा मधला तुकडा जोडायचे काम १८५६ मध्ये सुरू झाले. लांबी सुमारे १६ मैल, चढ १८३१ फूट, काही ठिकाणी ३७ फुटांना १ फूट. पंचवीस बोगदे, आठ मोठे दगडी पूल. अभियंते होते जेम्स बर्कले आणि पहिले कंत्राटदार विल्यम फेव्हिएल. यंत्र म्हणावे असे जवळजवळ काही नव्हते. कड्यावरून माणसाला दोराने खाली सोडायचे, त्याने लोंबकळत दगडाला भोके पाडायची, त्यात दारू ठासायची आणि वत्ती पेटवून त्याला वर ओढायचे. माती आणि दगड डोक्यावरून वाहायच्या त्या बहुतेक बायका आणि मुले.

पहिल्या हंगामात दहा हजार मजूर होते, पुढच्या वर्षी वीस हजार आणि जानेवारी १८६१ मध्ये बेचाळीस हजार. आज आमच्या खात्यात मोठ्या प्रकल्पावर दोन हजार मजूर म्हटले तरी हजेरीपट सांभाळणाऱ्याची तारांबळ उडते. हे बेचाळीस हजार लोक एका डोंगरावर, झावळ्यांच्या आणि गवताच्या झोपड्यांत, ओढ्याचे पाणी पिऊन राहत होते. पटकीच्या साथी आल्या. पावसाळ्यात उघड्यावरचे काम थांबे आणि मजूर पांगत, दिवाळीच्या सुमाराला पुन्हा जमत. कोकणातले, देशावरचे, सोलापूरकडचे, त्यात वडारांचे तांडे, शिवाय बाहेरून आणलेले गवंडी. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नव्हती आणि पैसे देणाऱ्या साहेबाची कुणालाच कळत नव्हती.

आता पैसे कसे येत ते पाहा, कारण सगळी भानगड तिथे आहे. भांडवल विलायतेत जमा झालेले आणि त्यावर सरकारची पाच टक्के व्याजाची हमी. कंपनीने पैसे दिले मुख्य कंत्राटदाराला. त्याने कामाचे तुकडे पाडून दिले पोटकंत्राटदारांना. त्यांनी नेमले युरोपियन देखरेख्ये. त्यांच्या खाली मुकादम, मुकादमाच्या खाली टोळी आणि टोळीत कुटुंब. पैसा या पायऱ्या उतरत खाली येई आणि प्रत्येक पायरीवर थोडा ओला होऊन राही. तक्रार मात्र एकही पायरी वर चढत नसे. मजुराने मुकादमाला विचारावे तर तो म्हणणार, साहेबाने दिले नाहीत. साहेबाला विचारावे तर मध्ये दुभाषा तोच मुकादम.

शिवाय बरेचसे काम रोजावर नव्हते, मोजमापावर होते. इतकी माती काढली, इतका दगड फोडला, त्याचे इतके. मोजमाप कसे होते हे ज्याला ठाऊक आहे त्याला घाटात काय झाले असेल ते वेगळे सांगायला नको. माती खोदताना खड्ड्याच्या मधोमध न खोदता एक खुंट ठेवतात. मूळ जमीन किती उंच होती याची ती खूण. शेवटी खुंटाची उंची मोजून खोदाई ठरते. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका कालव्याच्या कामावर मी पाहिले आहे की मोजणीच्या आदल्या रात्री कुणीतरी दोन खुंट वरून तासून एक-एक वीत बुटके केले. खुंट बुटका झाला की काम कमी दिसते. पालमूरच्या मजुरांची टोळी होती, म्हणजे आपल्या महबूबनगरकडची, जिथल्या माणसांनी देशभरातली धरणे आणि कालवे खोदले. त्यांतली एक म्हातारी खड्ड्यात उतरली आणि खुंटाच्या माथ्यावर हात ठेवून म्हणाली, याच्यावर गवत कुठे आहे? मूळ जमिनीचा माथा असता तर त्यावर गवताची मुळे दिसली असती. तिचे म्हणणे बिनतोड होते. शेजारचे दोन शाबूत खुंट धरून पुन्हा मोजणी झाली. तिला तेलुगू बोलता येत होते आणि समोर तेलुगू समजणारे लोक होते, म्हणून हे झाले. बोरघाटात अशा किती म्हाताऱ्या खड्ड्यात उतरून बोलल्या असतील आणि समोरच्या साहेबाला एक अक्षर कळले नसेल!

जानेवारी १८५९ मध्ये घाट पेटला. मजुरी थकली होती. मजुरांचा जमाव फेव्हिएलच्या युरोपियन माणसांवर चालून गेला, दगडफेक झाली, मारहाण झाली. सत्तावन्नचे बंड नुकतेच शमले होते, त्यामुळे गोऱ्या माणसावर हात पडला या बातमीने मुंबई सरकारची झोप उडाली. त्या वेळचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन हा वर सांगितलेल्या एल्फिन्स्टनचा पुतण्या. पंचायतीची बाजू घेणाऱ्या काकाच्या पुतण्यापुढे हा नवा तंटा यावा, हा योगायोग मला गमतीचा वाटतो. सरकारने चौकशी केली. चौकशीत नुसते मजुरांचे दांडगेपण निघाले असते तर गोष्ट फटके आणि तुरुंग यांवर संपली असती. पण मजुरी वेळेवर आणि पुरती मिळत नव्हती आणि देखरेख्यांचे वागणे वाईट होते, हेही पुढे आले. मार्च महिन्यात फेव्हिएलने कंत्राट सोडले. काही महिने कंपनीने स्वतःच काम चालवले. मग विलायतेहून सॉलोमन ट्रेडवेल नावाचा कंत्राटदार आला, आणि येऊन पुरते स्थिरावण्याआधीच वारला. त्याची बायको अ‍ॅलिस मागे फिरली नाही. तिने कंत्राट आपल्या नावावर घेतले, दोन जाणत्या इंजिनिअरांना कारभार सोपवला आणि घाट पुरा केला. २१ एप्रिल १८६३ ला गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी तो खुला केला. त्या समारंभाची वर्णने पुष्कळ आहेत, ती वाचणाऱ्याने वाचावीत.

मला त्या समारंभापेक्षा १८६० सालचा नववा कायदा जास्त महत्त्वाचा वाटतो. रेल्वे, कालवे आणि इतर सार्वजनिक बांधकामांवरचे मजूर आणि त्यांना कामावर ठेवणारे यांच्यातल्या तंट्यांचा जलद निकाल लावण्यासाठी हा कायदा झाला. मजुरीचा वाद असेल तर मॅजिस्ट्रेटपुढे जायचे, त्याने थोडक्यात चौकशी करून निकाल द्यायचा. दिवाणी कोर्टाची वर्षानुवर्षांची वाट नको. कारण हंगाम संपला की मजूर शंभर कोस दूर, तो तारखेला येणार कसा? जलद हा शब्द कायद्याच्या नावातच घालावा लागला, कारण परमुलखातल्या माणसाला उशिरा मिळालेला न्याय मिळतच नाही. तो तोवर निघून गेलेला असतो. ही गोष्ट कायदा करणाऱ्यांना घाटातल्या दगडफेकीने शिकवली.

या कायद्यात वडाराला कुठल्या गावचा, कुठल्या गोताचा असे विचारलेले नव्हते. तो या कामावर मजूर आहे, एवढी ओळख पुरेशी होती. महजराच्या खाली ज्याची निशाणी नव्हती त्या माणसाला प्रथमच एक दार दाखवले गेले.

दाराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. काम अर्धवट सोडून जाणाऱ्या मजुराला त्याच कायद्याखाली शिक्षा होऊ शकत होती. मालकाने मजुरी बुडवली तर ती देण्याचा हुकूम, मजुराने काम सोडले तर तो गुन्हा. त्याच्या आदल्याच वर्षी १८५९ चा तेरावा कायदा झाला होता. त्यात उचल घेऊन कामावर न येणाऱ्या कारागिराला किंवा मजुराला मॅजिस्ट्रेटच्या हुकमानंतरही त्याने ऐकले नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद होती. म्हणजे बिऱ्हाड उचलून पुढच्या गावी जाण्याचा वडाराचा जुना उपाय या दोन कायद्यांनी मोडून काढला. त्याच्या बदल्यात मॅजिस्ट्रेटचे दार दिले, पण त्या दारात उभे राहून इंग्रजीत किंवा निदान मराठीत फिर्याद सांगणार कोण, तर पुन्हा मुकादम. सौदा बरोबरीचा नव्हता. पहिल्या महायुद्धानंतर मजुरांच्या संघटना उभ्या राहिल्या, तेव्हा कुठे हे कायदे गेले. तेरावा कायदा १९२५ मध्ये रद्द ठरला, १८६० चा १९३२ मध्ये.

घाटाची एक गोष्ट राहिली. १९ जुलै १८६७ रोजी, भर पावसाळ्यात, घाटातला एक मोठा दगडी पूल कोसळला. इंग्रजी कागदांत त्याचे नाव म्हो-के-मल्ली असे आहे. उद्घाटनाला जेमतेम चार वर्षे झाली होती. बांधकाम निकृष्ट ठरले आणि त्या रेल्वेवरच्या इतर पुलांकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले. घाईने आणि कमी पैशांत काम काढायचे असले की आधी माणसाच्या मजुरीत कपात होते आणि मग चुन्यात. माझ्या खात्यातला कुणीही अनुभवी माणूस हे सांगेल. ज्या कामावर मजुरीचे तंटे जास्त, त्या कामाच्या मालाची तपासणी आम्ही दोनदा करतो. हे कुठल्या नियमात लिहिलेले नाही.

आता पुन्हा कामाठ्यांकडे येतो. मुंबईत गेलेल्या तेलुगू मंडळींतले सगळे मजूरच राहिले नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई नुसती बांधली जात होती आणि त्या बांधकामावर त्यांच्यातले काही जण मोठे कंत्राटदार झाले. रामय्या व्यंकय्या अय्यावारू, नरसिंगराव सायबू वडनाला, व्यंकू बाळोजी काळेवार ही नावे महात्मा फुल्यांचे चरित्र वाचणाऱ्यांना ओळखीची वाटतील. सप्टेंबर १८७३ मध्ये पुण्यात सत्यशोधक समाज निघाला, त्याचा मुंबईतला मोठा आधार म्हणजे ही तेलुगू मंडळी. समाजाला छापखाना घेऊन देण्यापर्यंत त्यांची मदत गेली. मराठी चळवळीचा मराठी मजकूर छापायला तेलुगू माणसांनी यंत्र द्यावे, ही गोष्ट मुंबईच्या इतिहासात एखाद्या ओळीत येते आणि जाते. हैदराबादच्या मराठी माणसाने तरी तिथे थांबावे.

या मैत्रीचे एक कारण मला बांधकामाच्या धंद्यात दिसते. ज्योतीराव फुले स्वतः कंत्राटदार होते. कात्रजचा बोगदा, येरवड्याचा पूल, खडकवासल्याचे धरण अशा कामांशी त्यांचा संबंध आला, कुठे काम घेऊन तर कुठे दगड आणि चुना पुरवून. बिल कुठे अडते, कारकून काय मागतो, मजुराच्या हातात किती पडते, हे त्यांनी कामावर उभे राहून पाहिले होते आणि इंजिनिअर खात्यातल्या लाचखोरीवर त्यांनी सडकून लिहिले. (आमच्या खात्यातल्या मंडळींनी ते जरूर वाचावे. बरेचसे ओळखीचे वाटेल.) कामाठी कंत्राटदारांनाही हेच अनुभव आले असणार. परमुलखात आलेल्या माणसाला आपले दुःख दुसऱ्या कुणाच्या तोंडून नेमके ऐकू आले की तो त्याचा होतो. मुंबई कामाठ्यांची झाली ती अशी. मराठी शिकून झालीच, पण मराठीत त्यांचे म्हणणे आधीच कुणीतरी मांडत होते म्हणूनही झाली.

याच्या उलट एक प्रसंग आपल्या गावात घडला. तो आपल्या कार्यक्रमांत सांगितला जात नाही, पण तेलुगू मंडळी तो विसरलेली नाहीत. १२ नोव्हेंबर १९२१ रोजी विवेक वर्धिनीच्या नाट्यगृहात निजाम राज्यातली सामाजिक परिषद भरली होती. अध्यक्ष होते धोंडो केशव कर्वे. विषय सुधारणेचे, अध्यक्ष स्त्रीशिक्षणाला जन्म वाहिलेला, सभागृहात शिकलेली माणसे. भाषणे इंग्रजी, उर्दू, मराठीत चालली होती. एका ठरावावर आलमपल्ली व्यंकटराम राव नावाचे वकील तेलुगूत बोलायला उभे राहिले आणि सभेत हुर्यो उडाली. त्यांना बोलू दिले नाही. ज्या मुलखात सर्वांत जास्त लोक तेलुगू बोलत होते, त्या मुलखाच्या राजधानीत हे घडले. त्याच रात्री तेलुगू मंडळी एकत्र जमली आणि आंध्र जनसंघाची स्थापना झाली. माडपाटी हनुमंतराव त्याचे आधारस्तंभ झाले, त्यातून पुढे आंध्र महासभा झाली आणि १९३० मध्ये जोगीपेटला तिचे पहिले अधिवेशन भरले. तेलंगणाच्या पुढच्या साऱ्या राजकारणाचे एक मूळ आपल्या शाळेच्या नाट्यगृहात आहे.

कुणी म्हणेल, त्या दिवशी हुर्यो करणारे थोडे होते, वामनराव नाईकांसारखे आपले पुढारी तेलुगू नेत्यांबरोबर खांद्याला खांदा लावून होते. खरे आहे. तरीही हे मान्य करावे लागते की पिढ्यान्‌पिढ्या राहून आपण मिरासदार झालो होतो आणि ज्यांची जमीन त्यांनाच त्या संध्याकाळी उपरी ठरवले गेले. दफ्तर ज्याच्या हातात, त्याला आपली भाषा सगळ्यांना कळते असे वाटू लागते.

आज हैदराबादेत आपण कुणाला उपरी म्हणतो? कोल्लूर, नानकरामगुडा, तेल्लापूरकडे चाळीस-चाळीस मजल्यांचे टॉवर उठत आहेत. त्यांवर झारखंड, बिहार, ओडिशा, बंगाल, छत्तीसगडची माणसे आहेत. खोदाई आता मशीन करते, पण सळई बांधायला, शटरिंग लावायला, काँक्रीट ओतायला माणूसच लागतो. साखळी तीच आहे, फक्त पायऱ्यांची नावे बदलली. मुकादमाला आता लेबर सप्लायर म्हणतात.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये जे झाले ते वर्तमानपत्रांत सर्वांनी वाचले असेल, पण एकापाठोपाठ एक तारखा मांडल्या तर वेगळे दिसते. संगारेड्डी जिल्ह्यात कंदीला आय.आय.टी.च्या आवारात बांधकाम चालू होते. सुमारे २,४०० परप्रांतीय मजूर तिथे अडकले होते. काम बंद, मजुरी थकलेली, गावी जायला गाडी नाही. २९ एप्रिलला त्यांचा संयम सुटला. पोलिसांवर दगड आले, गाडी फुटली. बोरघाटाच्या १६१ वर्षांनंतर दृश्य तेच. फरक पुढे झाला. जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक कामावर आले, मजुरांशी बोलले, थकलेली मजुरी देण्याचे कंत्राटदाराच्या माणसांकडून कबूल करून घेतले. मजूर हिंदी बोलत होते आणि आपल्याकडच्या अधिकाऱ्यांना हैदराबादी हिंदी येते, याचा त्या दिवशी किती उपयोग झाला असेल! दोनच दिवसांनी, १ मे रोजी पहाटे पाचच्या आधी लिंगमपल्लीहून झारखंडमधल्या हटियाला गाडी सुटली. लॉकडाऊनमधली देशातली पहिली श्रमिक गाडी. चोवीस डबे, एका डब्यात बहात्तरऐवजी चोपन्न माणसे, एकूण बाराशेच्या आसपास. त्यात कंदीचे मजूर होते. १ मे हा कामगार दिन, आणि त्या दिवशी महाराष्ट्र राज्याला साठ वर्षे पुरी होत होती. हीरकमहोत्सवाचे जे काही कार्यक्रम ठरले असतील ते सगळीकडेच रद्द झाले होते आणि आपण घरात बसून टीव्हीवर ती गाडी पाहिली.

१८६० च्या त्या दाराची आजची आवृत्ती म्हणजे १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा. ओडिशातून उचल देऊन नेल्या जाणाऱ्या दादन मजुरांच्या हालअपेष्टांमुळे तो झाला. २०२० च्या संहितेत तो सामावून घेतला आहे. त्या मूळ कायद्यात एक कलम मला विशेष आवडायचे. कंत्राटदाराने प्रत्येक मजुराला फोटो असलेले पासबुक द्यायचे आणि त्यात कामाचे ठिकाण, मुदत, मजुरीचा दर, दिलेली उचल हे सगळे लिहायचे. ते हिंदी आणि इंग्रजीत हवेच, पण मजुराची भाषा त्यांहून वेगळी असेल तर तिच्यातही हवे. कुणीतरी दिल्लीत बसून हा विचार केला होता की माणसाचा हिशेब त्याला स्वतःला वाचता आला पाहिजे, मध्ये मुकादम नको.

इतक्या वर्षांच्या नोकरीत असे पासबुक मी एकदाच हातात धरले आहे. ओडिशातल्या गंजाम जिल्ह्याच्या एका सळई बांधणाऱ्याचे होते. पत्र्याच्या पेटीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेले. पहिल्या पानावर त्याचा फोटो होता आणि छापील मजकूर उडियातही होता. त्याने तो मला बोट ठेवून वाचून दाखवला. मजुरीच्या दराचा रकाना इंग्रजीत भरलेला होता. उचलीचा रकाना कोरा होता.